दुकान विकायचंय, पण त्यातलं नक्की काय विकायचं?

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि हिशेब

प्रश्न : नमस्कार सर. मी मिरजेची. 2018 पासून खणाच्या साड्या, ब्लाउजपीस, झबली-टोपडी, तोरणं ऑनलाइन विकते. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या तीन विणकरांकडून येतो. स्वतःची वेबसाइट आहे, दोन मार्केटप्लेसवर (मोठ्या ऑनलाइन बाजारांवर) खाती आहेत, इन्स्टाग्रामवर 41 हजार फॉलोअर आहेत आणि दर रविवारी रात्री नऊला मी लाइव्ह येऊन साड्या दाखवते. धंदा माझ्या एकटीच्या नावावर आहे. जीएसटी नंबर आहे, ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय. गेल्या वर्षी विक्री 52 लाख, नफा 11 लाख. घरात 9 लाखांचा माल आहे. त्यात 2020-21 मध्ये शिवून घेतलेल्या खणाच्या मास्कची दोन पोतीही आली. काही ग्राहकांचे पैसे मिस्टरांच्या यूपीआयवर येतात. पॅकिंग आणि फोटो दीर सांभाळतात. मिस्टरांची बदली हैदराबादला झाल्यामुळे आता विकायचं ठरवलंय.

दोघांनी विचारलंय. सांगलीचे एक साडीवाले 12 लाख देतात, माल धरून, लगेच, निम्मे रोख. पुण्याचं आयटीतलं एक जोडपं 16 लाख म्हणतंय, माल वेगळा खरेदी भावाने. पण 10 आत्ता आणि 6 वर्षभराने, तेही विक्री 45 लाखांच्या वर राहिली तरच. नणंदेच्या ओळखीतले एक जण सांगतात, 40 लाखांखाली सोडू नका. काय करू? आणि हैदराबादला गेल्यावर मी पुन्हा साड्या विकू शकते का?

उत्तर : ताई, आधी दोन्ही मागण्या एका मापात आणू. साडीवाल्यांचे 12 लाख मालासकट आहेत. तुमच्या हिशेबाने माल 9 लाखांचा, म्हणजे आठ वर्षं उभ्या केलेल्या धंद्याला ते तीन लाख देतायत. त्यांना तुमचा ब्रँड नकोय, स्वस्तात खण हवाय. यात त्यांची काही चूक नाही, व्यापारी माणूस आहे. पण 12 आणि 16 मध्ये चारच लाखांचा फरक दिसत असेल तर तो तसा नाही.

आता माल खरंच 9 लाखांचा आहे का? मास्क कोण घेणार? त्यांची किंमत शून्य लावा आणि विकायच्या आधीच घराबाहेर काढा. बाकी मालाची तीन ढिगांत वाटणी करा : सहा महिन्यांत आलेला, वर्षभरातला आणि त्याहून जुना. घडीवर रंग उडालेला खण, एकेकच उरलेल्या मापाची झबली, परत आलेल्या आणि पुन्हा घडी घातलेल्या साड्या या तिसऱ्या ढिगात जातात. तुमच्यासारख्या धंद्यांची खाती मी पाहतो, त्यावरून 9 चे साडेसहा लाख उरले तरी चांगलं म्हणेन. पुण्याचं जोडपं माल मोजायला येईल तेव्हा हा ढीग त्यांनी वेगळा काढण्यापेक्षा तुम्ही काढलेला बरा. एका पोत्यात मास्क सापडले की माणूस बाकीच्या पोत्यांकडेही संशयाने बघतो.

नफ्याचं तसंच. 11 लाखांत दिरांचा पगार नाही. माल ठेवलेल्या घरच्या खोलीचं भाडं नाही. नव्या मालकाला पॅकिंगला माणूस ठेवावा लागेल, महिना 15 हजार धरा, वर्षाचे 1 लाख 80 हजार. खोलीचं भाडं महिना 8 हजार, वर्षाचे 96 हजार. मेलेला माल 70-75 हजारांचा तरी दरवर्षी निर्लेखित करायला (हिशेबातून काढून टाकायला) हवा होता. हे वजा केलं की साडेसात लाखांच्या आसपास उरतात. तुमची स्वतःची मेहनत यातून मी वजा केलेली नाही, कारण घेणारं जोडपं स्वतःच ती करणार आहे. पगारी मॅनेजर ठेवणारा गिऱ्हाईक असता तर त्याने तीही कापली असती.

एका माणसाच्या नावावरचा, एका माणसाच्या तोंडावर चालणारा असा धंदा आपल्याकडे वर्षाच्या कमाईच्या एक ते दोन पटींत जातो, असं माझ्या पाहण्यात आहे. माल वेगळा. म्हणजे साडेसात ते पंधरा लाख. फ्लिपासारख्या, ऑनलाइन दुकानं विकत मिळणाऱ्या परदेशी बाजारात महिन्याच्या नफ्याच्या अमुक पट अशी भाषा असते आणि तिथले आकडे ऐकून इथे लोक हवेत जातात. पण तसा भाव मिळतो तो खाती स्वच्छ असलेल्या आणि मालक सुटीवर गेला तरी चालणाऱ्या दुकानांना.

राहिले 40 लाख. हा आकडा 2021 च्या वाऱ्यातला आहे. त्या वर्षी मेन्सा ब्रँड्स, ग्लोबलबीज अशा कंपन्या निघाल्या, ऑनलाइन ब्रँड विकत घेण्याचा सपाटा लागला आणि वर्तमानपत्रांत रोज नवं नाव येई. पण त्यांना वर्षाला कोटींत विक्री असलेले ब्रँड हवे होते, 52 लाखांचे नव्हेत. असेच ब्रँड विकत घेणाऱ्या ज्या अमेरिकन थ्रॅसिओ कंपनीकडे बघून हे सगळं सुरू झालं, ती फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. नणंदेच्या ओळखीतल्या गृहस्थांना सांगा, 40 मध्ये तुम्हीच घ्या.

त्या मानाने पुण्याचे 16 चांगलेच आहेत. मी असतो तर त्यांनाच धरलं असतं. मात्र ते 16 हातात पडायचे तर काही गोष्टी आधी निस्तराव्या लागतील.

पहिली, मिस्टरांच्या यूपीआयवर येणारे पैसे. तुमच्या 52 लाखांत ते धरलेत का, हे पत्रात नाही. धरले असतील आणि जीएसटीच्या विवरणात नसतील, तर पुण्याच्या लोकांचा सीए पहिल्याच बैठकीत ते पकडेल. मार्केटप्लेसवरची विक्री लपत नाही. तिथे जीएसटीचा अर्धा टक्का टीसीएस आणि प्राप्तिकराचा 0.1 टक्का टीडीएस असे आगाऊ कर कापले जातात, म्हणजे ती विक्री सरकारी पोर्टलवर तिसऱ्याच माणसाने नोंदवलेली असते. वेबसाइटची विक्री पेमेंट गेटवेच्या हिशेबातून दिसते. यूपीआयची विक्री फक्त तुमच्या तोंडून दिसते. जी विक्री विवरणात नाही, तिची किंमत घेणारा देत नाही. उलट तिचं ओझं आपल्या गळ्यात पडेल म्हणून घाबरतो. त्याचं घाबरणं रास्त आहे, कारण जीएसटी कायद्याच्या कलम 85 नुसार धंदा हस्तांतरित झाला की आधीच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक दोघेही जबाबदार धरले जातात. तेव्हा सीएंकडे बसून सुटलेली विक्री दाखवा, कर आणि व्याज भरा, आणि आजपासून क्यूआर कोड धंद्याच्या खात्याचाच ठेवा. थोडे पैसे जातील, पण सौदा मोडण्यापेक्षा ते परवडलं.

दुसरी गोष्ट : धंद्यासोबत काय जातं आणि काय जात नाही. लोक ‘सगळं तुमचं’ असं म्हणून कराराला बसतात आणि नंतर फसतात. जीएसटी नंबर तुमच्या पॅनवर आहे, तो देता येत नाही. नव्या मालकाला स्वतःचा घ्यावा लागतो. उद्यम या लघुउद्योग नोंदणीचं तेच. गुमास्ता म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं तेच, आणि कामाला थोडीच माणसं असतील तर ती मुळात नुसती सूचना असते. मार्केटप्लेसची विक्रेता खाती पॅन, जीएसटी आणि बँक खात्याला बांधलेली असतात. लॉगिन आणि पासवर्ड हातात देऊन टाकायचा मोह होतो; तसं करू नका. तुमच्या पॅनवर दुसऱ्याने विक्री केली तर कराची नोटीस तुम्हालाच येईल. जोडप्याने नवीन खातं उघडावं आणि ब्रँडची नोंद तिकडे न्यावी. जुन्या खात्यावरचे तारे आणि अभिप्राय बहुतेक तिथेच राहतात. म्हणून तुमच्या 52 लाखांपैकी मार्केटप्लेसवरून किती आणि वेबसाइटवरून किती, हा आकडा किमतीत सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच तुम्ही कळवलेला नाही.

सहज जातं ते असं : वेबसाइटचं डोमेन, दुकान ज्या सॉफ्टवेअरवर आहे त्याची मालकी, फोटोंच्या मूळ फायली, विणकरांचे डिझाइन नंबर, ट्रेडमार्क. ट्रेडमार्कसाठी हस्तांतरणाचा लेख करायचा आणि नव्या मालकाचं नाव रजिस्टरवर चढवायला टीएम-पी फॉर्म भरायचा. प्रमाणपत्र काढून वर्ग बघा. कापड वर्ग 24 मध्ये येतं, तयार कपडे 25 मध्ये. नोंदणी एकाच वर्गात असेल तर झबली-टोपड्यांवर किंवा ब्लाउजपीसवर ब्रँडचं कायदेशीर कवच नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

इन्स्टाग्रामच्या अटींमध्ये खातं विकायला मनाई आहे. करारात ‘इन्स्टाग्राम खाते – रु. 3 लाख’ अशी ओळ मी पाहिलेली आहे. अशी ओळ घालू नका. ब्रँडसोबत पान चालवण्याचे अधिकार आणि कारभार सोपवला, एवढंच येऊ द्या. व्हॉट्सअॅपच्या नंबरची गंमत वेगळीच. ऑर्डरी ज्या नंबरवर येतात त्याच नंबरवर तुमच्या बँकेचे ओटीपी येत असतील, आणि मला खात्री आहे की येत असणार, तर तो नंबर देऊ नका. आजच धंद्यासाठी नवं सिम घ्या आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचं खातं त्यावर हलवा, म्हणजे विक्रीपर्यंत ग्राहकांना सवय होईल. आणि सही होईपर्यंत ग्राहकांची यादी, नावं आणि फोन नंबर कोणालाही द्यायचे नाहीत, बघायलासुद्धा नाहीत. ‘नुसता नमुना पाठवा’ म्हणणाऱ्याला नावं झाकून पाठवा.

आता रविवारच्या लाइव्हकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. 41 हजार माणसं खणासाठी येतात की तुमच्यासाठी? तुम्ही पदर पसरून किनार जवळ धरता, ‘हा जांभळा फोटोत निळा दिसतोय, पण आहे जांभळाच’ असं सांगता, त्यावर विश्वास ठेवून बायका न बघता पैसे पाठवतात. हे करारात लिहून देता येत नाही. आमच्या सांगलीच्या वखारभागात पूर्वी पेढी हाती घेणारा एक हंगाम जुन्या मालकाशेजारी गादीवर बसायचा. हळदवाला शेतकरी आणि उधारीवाला गिऱ्हाईक दोघांनाही नवं तोंड ओळखीचं व्हायचं. तुम्ही तेच करा. सौदा ठरला की पुण्याच्या ताईंना लाइव्हवर शेजारी बसवा. पहिल्या महिन्यात तुम्ही बोला, त्यांनी साड्या हातात द्याव्यात. दुसऱ्यात निम्मं निम्मं. तिसऱ्यात तुम्ही नुसत्या कोपऱ्यात दिसा. लपवून मालक बदलला आणि एका रविवारी अचानक नवा चेहरा आला की कमेंटमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘ताई कुठे गेल्या?’, आणि त्या रात्रीची विक्री बसते.

विणकरांची ओळखही अशीच समोर नेऊन करून द्यायची. जोडप्याला घेऊन एकदा गुळेदगुड्डला जाऊन या. मिरजेहून बागलकोट जिल्हा काही फार लांब नाही. तुम्हाला तिथे उधारीवर माल मिळतो तो तुमच्या शब्दावर. नव्या माणसाला पहिलं वर्षभर रोखीनेच घ्यावा लागेल, हे त्यांना तिथेच विणकरांच्या तोंडून कळू द्या. नंतर कळलं तर तुम्ही लपवलंत असं होईल. आजच्या तारखेला विणकरांचं जे देणं आहे ते कोण फेडणार, तेही तिथेच ठरवा.

कराचं थोडक्यात सांगतो, पण सीएंशी बोलल्याशिवाय सही करू नका. चालता धंदा संपूर्ण, देण्या-घेण्यासकट, एका ठोक रकमेला दिला तर प्राप्तिकरात त्याला स्लम्प सेल म्हणतात. 1961 च्या कायद्यात हे कलम 50बी होतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आल्यामुळे कलमांचे आकडे बदलले, कल्पना तीच आहे. त्यासाठी करारात प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लावायची नाही. बोलणी करताना धंद्याचे 16 आणि मालाचे साडेसहा असा हिशेब खुशाल वेगळा करा, लिहिताना साडेबावीस असा एकच आकडा. समजा पुस्तकात माल साडेसहा लाख, कपाटं, शिलाई मशीन आणि कॅमेरा मिळून 70 हजार, आणि विणकरांचं देणं 1 लाख 20 हजार. नेटवर्थ, म्हणजे देणं वजा जाता उरलेली मालमत्ता, झालं 6 लाख. साडेबावीसातून ते वजा, नफा साडेसोळा. धंदा आठ वर्षं जुना असल्यामुळे हा दीर्घ मुदतीचा नफा. साडेबारा टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 2 लाख 14 हजार 500 रुपये कर होतो. सीएंना नियमाप्रमाणे बाजारमूल्यही काढावं लागतं. ते ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघालं तर कर त्यावर बसतो. म्हणून हा आकडा अंदाज समजा.

जीएसटीतही चालता धंदा संपूर्ण दिला तर त्यावर कर लागत नाही. मात्र क्रम सांभाळा, इथे हमखास गोंधळ होतो. सौदा झाला की बायका उत्साहाने आधी स्वतःचा जीएसटी नंबर रद्द करायला टाकतात. नंबर रद्द झाला की शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत भरावं लागतं. आधी जोडप्याने आपला नंबर घ्यायचा, मग तुम्ही आयटीसी-02 फॉर्मने शिल्लक क्रेडिट त्यांच्याकडे वळवायचं, त्याला सीएंचा दाखला जोडायचा, आणि त्यानंतर नंबर रद्द. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं विवरण भरायचं. करारावर मुद्रांक किती लागतो हे वकिलाला विचारा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर भागेल असं धरून चालू नका.

आता पुण्याच्या 6 लाखांची अट. 45 लाखांच्या वर सहा, खाली शून्य, ही अट मला मुळीच पटत नाही. 44 लाख 90 हजार झाले तर? पायऱ्या करून घ्या : 45 च्या वर 6, 40 ते 45 मध्ये 4, 35 ते 40 मध्ये 2. विक्री म्हणजे जीएसटी सोडून आणि परत आलेला माल वजा करून, असं लिहा, आणि दर महिन्याच्या विवरणाची प्रत तुम्हाला मिळेल हेही. अट नफ्यावर कधीच स्वीकारू नका, खर्च वाढवून दाखवणं कुणाच्याही हातात असतं. आणि त्यांनी जाहिरात बंद केली म्हणून विक्री पडली तर तुमचे पैसे का जावेत? गेल्या वर्षी तुम्ही जाहिरातीवर जेवढा खर्च केलात त्याच्या निदान पाऊण पट खर्च ते करतील, असं एक वाक्य घाला. सह्या नवरा-बायको दोघांच्याही.

साडीवाल्यांचे सहा लाख रोख हे तर विसराच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला.

ताबा कोणत्या रात्री द्यायचा ते ठरवताना वाटेतल्या पार्सलांचा विचार करा. कॅश ऑन डिलिव्हरीची पाकिटं पंधरा-वीस दिवसांनीही परत येतात. महिनाअखेरची तारीख धरा. त्या रात्रीपर्यंत कुरिअरने उचललेली पार्सलं तुमची, त्यांचे पैसे तुमचे आणि परत आलेली साडीही तुमची; ती जोडप्याने ठरल्या भावाने घ्यायची की नाही हे आधीच लिहा. आणि गौरी-गणपतीच्या तोंडावर ताबा देऊ नका. खणाचा मोठा हंगाम नव्या माणसाच्या हाती पडला तर ऑर्डरी तुंबतील आणि 45 लाखांची अट पहिल्याच तिमाहीत हुकेल.

हैदराबादला पुन्हा साड्या विकण्याबद्दल : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे एखाद्याला धंदा करण्यापासून रोखणारा करार चालत नाही, पण धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकणारा त्याला अपवाद आहे. वाजवी हद्दीत तसाच धंदा न करण्याचं त्याने कबूल केलं तर ते बंधन टिकतं. जोडपं हे मागणारच. 1872 साली हद्द म्हणजे गाव किंवा तालुका असायचा. इंटरनेटवर हद्द कुठली यावर वकील पोटभर भांडतील. तुम्ही मालापुरतं बंधन मागा : दोन वर्षं खण आणि खणाच्या वस्तू ऑनलाइन विकणार नाही. तेलंगणात पोचमपल्ली आहे, गद्वाल आहे, ते तुम्हाला मोकळं राहील. फक्त जुन्या ग्राहकांच्या नंबरांवर पोचमपल्लीचे फोटो पाठवायला जाऊ नका, ती यादी तुम्ही विकलेली आहे.

प्रश्न : ठाण्यात आमची मुलांच्या कपड्यांची ऑनलाइन कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड, आम्ही दोघे भाऊ भागधारक. वरच्यासारखाच सौदा आम्हालाही लागू का?

उत्तर : तुमचं सोपं आहे आणि अवघडही. तुम्ही शेअर विकायचे, धंदा नाही. कंपनीचा पॅन बदलत नाही, म्हणून जीएसटी, मार्केटप्लेसची खाती, तिथले तारे सगळं जागच्या जागी राहतं. कागदी शेअर असतील तर हस्तांतराचा एसएच-4 फॉर्म आणि 0.015 टक्के मुद्रांक. पण कंपनीबरोबर तिची जुनी देणी आणि नोटिसाही घेणाऱ्याकडे जातात, आणि तुम्ही दोघांनी कर्जाला दिलेल्या वैयक्तिक हमी तुमच्याच मागे राहतात. हमी बँकेकडून लेखी सोडवून घेतल्याशिवाय शेअरवर सही करू नका. धाकट्या भावाची सही असली तरी तुमची हमी सुटत नाही.

प्रश्न : फोंड्याहून कोकम आगळ, काजू आणि सोलं ऑनलाइन पाठवते. भाची घेणार म्हणते. माझं खाद्यपदार्थांचं एफएसएसएआय लायसन्स तिच्या नावावर करता येईल का?

उत्तर : तुमच्या लायसन्सवर तिने माल काढू नये. ते तुमच्या नावाचं आणि तुमच्या जागेचं आहे, तिने स्वतःचं घ्यावं आणि ते हातात पडल्यावरच पहिली बाटली भरावी. लेबलवर लायसन्स नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापावा लागतो, म्हणून जुन्या लेबलांची रिळं किमतीत धरू नका आणि नवी मागवायच्या आधी तिचा नंबर येऊ द्या. घरातलाच सौदा आहे म्हणून कागद टाळू नका. एक पानाचा करार आणि बँकेतून पैसे, इतकं तरी करा.